टिपणीसांच्या घरची लपवलेली मुलगी

खालापुरात मध्यंतरी असे दिवस होते, की सुचेता टिपणीसांना एक लपवून ठेवलेली मुलगी आहे हे त्यांच्या नवऱ्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. तहसील कचेरीच्या बाजूला म्हणत, मुलगी पुण्याला मावशीकडे वाढली. बाजारपेठेच्या बाजूला ती मावशी नसून आत्या होती. मुलगी दिसायला कशी, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत. नाक थेट सुचेताबाईंचं! आता मुलगी अठ्ठावीसची आणि टिपणीसांच्या लग्नाला तेहतीस वर्षं झालेली, म्हणजे हे सगळं अप्पा टिपणीसांच्या डोळ्यांदेखत, त्याच दोन खोल्यांत घडायला हवं होतं. पण हा हिशेब कोणी केला नाही. इतक्या रसाळ बातमीला हिशेब लावायला बसणारा माणूस खालापुरात अजून जन्मायचा आहे.

सुचेताबाई पतपेढीतून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नाही. ज्ञातीच्या वधू-वर मंडळाचं खालापूर-कर्जतचं काम मात्र वीसेक वर्षं त्यांच्या जेवणाच्या टेबलावरून चालायचं. बायोडाटा वाचून माणूस ओळखावा तर त्यांनी. 'मनमिळाऊ' लिहिलं असेल तर मुलीला घरात कोणी बोलू देत नाही. 'सडपातळ' म्हणजे औषध चालू आहे. 'स्वतंत्र विचारांची' म्हणजे एक साखरपुडा मोडलेला. मुलाच्या बाजूला 'निर्व्यसनी' असं ठळक अक्षरांत असेल, तर त्या सरळ त्या गल्लीतल्या पानवाल्याला फोन करत.

बाईंचा दोष एकच. हातात घेतलेलं काही पुरं व्हायचं नाही. हार्मोनियम दोन अलंकारांनंतर कपाटावर गेलं. संस्कृतचा वर्ग पहिल्या विभक्तीतच सुटला. अप्पांच्या स्वेटरला एकच बाही झाली, अप्पा तो तसाच घालत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे थंडी डाव्या बाजूनंच वाजते."

अशा बाईंनी एका ऑक्टोबरात जाहीर केलं, की येत्या नोव्हेंबरात, एका महिन्यात, आपण कादंबरी लिहिणार.

"कादंबरी? तू?" अप्पा पेपरातून वर बघत म्हणाले. "अगं, माझी दुसरी बाही अजून यायची आहे."

"हिणवा. हिणवून घ्या."

"हिणवत नाही. तीस तारखेला पुरी झाली, तर वालाचं बिरडं मी करीन. वाल सोलण्यापासून."

अप्पांनी आजवर वाल फक्त ताटात बघितले होते. त्यामुळे सुचेताबाईंना लिहायला एक भक्कम कारण मिळालं.

ही टूम काढली होती खोपोलीच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या अनुपमनं. एक महिना, रोज पाच-सहा पानं, मागे वळून बघायचं नाही, आणि दर रविवारी कुंभिवलीला हायवेवरच्या एका हॉटेलात जमून लिहिलेलं वाचायचं. पहिल्या रविवारी बरेच जण आले. दुसऱ्या रविवारपासून उरले तिघंच: अनुपम, सुचेताबाई आणि टोलनाक्यावर पाळी करणारा साईनाथ. साईनाथची कादंबरी सुसाट सुटली होती. तिच्यात दर पानाला एक नवा माणूस यायचा, दोन शब्द बोलायचा आणि पुढे निघून जायचा. अनुपमची अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना तयार होती. त्यापुढे तो महिनाभर गेला नाही, पण उपदेश उत्तम करायचा.

"आधी पात्राची पूर्ण ओळख करून घ्या," तो म्हणाला होता. "जन्म, घर, सवयी, सगळं कागदावर मांडा."

सुचेताबाईंना माणूस कागदावर मांडायची एकच रीत ठाऊक. त्यांनी नायिकेचा बायोडाटा केला. अबोली, वय अठ्ठावीस, उंची पाच फूट चार इंच, जन्मवेळ, जन्मठिकाण, सगळं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा वाचून त्या इतक्या विटल्या होत्या, की या एका कागदात त्यांनी मनसोक्त खरं लिहून टाकलं. 'स्वभाव: तापट, पण लवकर निवळते. स्वयंपाक: पोळ्या येत नाहीत, शिकण्याची इच्छाही नाही. सकाळी आठपर्यंत हाक मारू नये. बोंबील आवडतात. पुण्याची नोकरी सोडली आहे. अपेक्षा: मुलाला स्वतःचं मत असावं.' खाली सवयीनं स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि कागद टेबलावर ठेवला.

आणि तिथेच घोळ झाला. दर रविवारी टेबलावरच्या नव्या बायोडाट्यांचे फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं काम अप्पांचं. बायोडाटे चष्मा लावून वाचायचा त्यांना कंटाळा, आणि चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. अबोली चार खऱ्या मुलींच्या रांगेत उभी राहून कर्जत, नेरळ, खोपोलीच्या घराघरांत पोचली.

इकडे कादंबरी अडली होती. अबोली पहिल्या प्रकरणात पुण्याहून येऊन खिडकीत बसली, ती उठेचना. दहा पानं झाली, ती आपली खिडकीत. कुंभिवलीच्या हॉटेलात बाईंनी तेवढं वाचून दाखवलं.

साईनाथनं चहाचा घोट घेतला. "ताई, राग नका धरू. पन ही पोरगी नुसती बसून हाय. नाक्यावं येक गाडी अशी थांबली ना, तर मागं पार खोपोलीपत्तुर लाईन लागंल."

"ती विचार करतेय रे."

"करू द्या की. पन चालता चालता करू द्या."

बाई चिडून घरी आल्या. हार्मोनियमशेजारी कपाटावर अजून एका गठ्ठ्याला जागा आहे का, हे त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

"सुचेताताई का? मी कर्जतहून समिधा चौबळ. आमच्या यज्ञेशसाठी बोलत्येय."

चौबळांचा यज्ञेश कोणाला माहीत नाही? वय चौतीस, खोपोलीच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि मुली नाकारण्यात कर्जत तालुक्यात पहिला.

"ताई, ती अबोली! अहो, इतकी वर्षं बायोडाटे वाचत्येय, पहिल्यांदा कोणीतरी खरं लिहिलंय हो. सगळ्या मेल्या मनमिळाऊ! आणि आमचा यज्ञेश, जो कागद हातात धरत नाही, तो वाचून म्हणाला, 'हिला भेटायला हरकत नाही.' मी देवापाशी साखर ठेवली."

सुचेताबाईंना घोळ काय झालाय हे एका क्षणात कळलं. 'अहो समिधाताई, ती मुलगी नाहीच,' हे वाक्य ओठांवर आलं, आणि तेवढ्यात समिधाबाईंनी विचारलं,

"पण मला एक सांगा. तिनं पुण्याची नोकरी का सोडली?"

हे तर सुचेताबाईंनाही कादंबरीसाठी हवं होतं!

"साहेबाच्या तोंडावर फाइल फेकली," त्या म्हणून गेल्या.

"अगंबाई! का?"

"दुसऱ्या एका मुलीचं काम त्यानं स्वतःच्या नावावर खपवलं म्हणून."

"म्हणजे तापट, पण दुसऱ्यासाठी," समिधाबाई समाधानानं म्हणाल्या. "चालेल."

फोन ठेवल्या ठेवल्या सुचेताबाई लिहायला बसल्या, त्या संध्याकाळी दिवा लावायला उठल्या. अबोली खिडकीतून उठली होती.

मग हे रोजचंच झालं. समिधाबाईंचा दुपारी फोन यायचा आणि त्यांच्या चौकशीला अंत नसायचा. लहानपणी कोणाच्या अंगाखांद्यावर खेळली? पाण्याला भिते का? भांडण झालं तर आधी कोण बोलतं? सुचेताबाई रोज ठरवत, आज सांगून टाकू. पण प्रश्न ऐकला की जीभ सुटे, आणि जीभ सुटली की पुढचं प्रकरण निघे. शिवाय त्या इतक्या बारकाईनं बोलत, अबोलीला गोवर आला तेव्हा तिला कोणती अंगाई लागायची इथपर्यंत, की समिधाबाईंनी फोन ठेवून आपल्या जावेला सांगितलं, "इतकं आईशिवाय कोणाला ठाऊक असणार? कागदावर आई-बापाचं नाव नाही, नंबर सुचेताताईंचा. तूच समज."

जावेनं समजून घेतलं आणि आपल्यापाशी ठेवलं नाही.

आठवड्याभरात अप्पा दाढी करून आले ते खुर्चीत बसून राहिले.

"सुचेता, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"काय?"

"आपल्याला मुलगी आहे का?"

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

"नाही, मला सांगितलं नसलंस तरी चालेल," अप्पा शांतपणे म्हणाले. "पण न्हाव्यानं अभिनंदन केलं. म्हणाला, आता जावई शोधा. मी थँक्यू म्हणालो. बरोबर केलं ना?"

तेव्हा कुठे बाईंनी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा इतके हसले, की एकबाही स्वेटरचा एक टाका उसवला. मग थांबून म्हणाले, "पण तो मुलगा वाट बघतोय गं. ते नीट नाही." ते बाईंनाही पटत होतं, पण तीस तारीख जवळ आली होती, शेवटचं प्रकरण उरलं होतं, आणि सांगितलं की फोन बंद, फोन बंद की अबोली पुन्हा खिडकीत. बाई आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी संपवायच्या बेतात होत्या आणि त्यासाठी एका भल्या घराला रोज दुपारी फसवत होत्या. त्यांना जेवण गोड लागेना.

एकोणतीस तारखेला सकाळी दारात रिक्षा थांबली. समिधाबाई पैठणीत, यज्ञेश इस्त्रीच्या शर्टात, हातात पेढ्यांचा खोका.

"कळवलं नाही हं मुद्दाम," समिधाबाई आत येत म्हणाल्या. "खरं लिहिणाऱ्यांच्या घरी न सांगता जावं. कुठाय मुलगी?"

सुचेताबाईंनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"ही."

सुचेताबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, माफी मागितली. समिधाबाई आता काय करतील, पेढे घेऊन जातील की फेकून मारतील, याचा अप्पा अंदाज घेत होते. समिधाबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि गठ्ठा वाचायला घेतला. मधेच थबकल्या.

"हा कर्जतचा मुलगा कोण?"

"तो... असाच."

"कारखान्यात इंजिनिअर, पायात मोजे दोन रंगांचे. असाच?" यज्ञेशनं पाय खुर्चीखाली घेतले. समिधाबाईंनी भराभर शेवटचं पान काढलं. "आणि पुढे? लग्न होतं ना?"

"ते उद्या लिहायचंय. पण समिधाताई, ती... नाही म्हणत्येय."

"नाही म्हणत्येय?" समिधाबाई ताडकन उभ्या राहिल्या. मुलगी खरी नाही हे त्यांनी पचवलं होतं, हे पचेना. "माझ्या मुलाला? पोळ्या येत नाहीत, आठपर्यंत लोळते, आणि नाही म्हणते? समजते कोण स्वतःला! सुचेताताई, तिला होकार द्यायला लावा. हातात तुमच्याच आहे ना पेन?"

"मी लावून बघितलं हो. ऐकत नाही."

"आई," यज्ञेश म्हणाला. घरात आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला. "बरोबर आहे तिचं. इतके दिवस तिच्यासाठी फोन कोणी केला?"

"मी. तुझ्यासाठी."

"तेच. तिची अपेक्षा एकच होती, मुलाला स्वतःचं मत असावं. तिला मी एकदाही काही विचारलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हटलं असतं."

समिधाबाई खाली बसल्या. मग खोका उघडून त्यांनी स्वतःच एक पेढा तोंडात टाकला. यज्ञेशनं सुचेताबाईंकडे पाहिलं. "काकू, 'एकदाही काही विचारलं नाही' हे वाक्य वापरायचं असेल तर वापरा."

बाईंनी ते वापरलं. दुसऱ्या दिवशी अबोलीनं कर्जतच्या मुलाला अगदी याच शब्दांत नकार दिला, बोंबील घ्यायला बाजारात निघून गेली, आणि कादंबरी संपली. अप्पांनी वाल भिजत घातले, मोड आणले, दोन दिवस सोलले, आणि पुन्हा कधी कोणाला काही पुरं करायचं आव्हान द्यायचं नाही असं ठरवलं. बिरडं खारट झालं होतं. जेवायला बोलावलेल्या साईनाथनं तीनदा वाढून घेतलं. यज्ञेशनं एकोणतीसलाच, जाताना, स्वतःच्या हातानं लिहिलेला नवा बायोडाटा बाईंना दिला; त्यात 'स्वभाव'पुढे 'आईला विचारून सांगतो' असं लिहून खोडलं होतं.

समिधाबाईंनी मात्र कर्जतला परतून खरं काही सांगितलं नाही. कागदावरच्या मुलीनं आपल्या मुलाला नाकारलं, हे कोणती आई सांगेल? कोणी विचारलं की त्या पदर सावरून म्हणत, "टिपणीसांची मुलगी ना? बघितली. चांगली आहे, पण आम्हालाच जमण्यासारखं नव्हतं." त्यावर कोण काय बोलणार? प्रत्यक्ष बघून आलेली बाई सांगत होती.

सुचेता टिपणीसांना मुलगी नाही. एक कादंबरी आहे. ती तीस नोव्हेंबरला पुरी झाली.