मुहूर्ताआधी फॉरमॅट

माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेतून बाबांसाठी स्वतःच्या आवाजात एक निरोप पाठवला होता. तो नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये होता, आणि बाबांनी ऐकायच्या आधीच मी तो पुसून टाकला. अजाणता पुसला हे खरं, पण व्यवस्थित पुसला हेही खरं. मी तेव्हा डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. अर्धवट काम आम्ही करत नसू.

नव्वदचं दशक संपत आलेलं. क्लासची खोली एसी होती आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कोणाला आत येऊ देत नसत. चपलांतून व्हायरस येतो असं कोणी म्हणत नसे, पण चपला बाहेरच. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. मशीन बिघडलं, फॉरमॅट. हळू चालतंय, फॉरमॅट. नवीन आलं, तर सगळ्यात आधी फॉरमॅट, कारण विकणाऱ्याने आत काय काय कोंबून ठेवलंय देव जाणे. सगळं पुसायचं, आपल्या सीडीवरून कोरी ऑपरेटिंग सिस्टीम घालायची आणि मगच मुलांना हात लावू द्यायचा. नवीन पातेलं घासल्याशिवाय कोणी चुलीवर ठेवतं का, असं मी वर्गात विचारायचे. कोणी ठेवत नसे.

घरी बाबा आणि भाऊ दीड वर्ष बोलत नव्हते. आई दिवसभर शेतावर असायची, त्यामुळे आम्हा दोघांना आत्याने वाढवलं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीने. ती लवकर विधवा झाली आणि ठाकुर्लीजवळच्या आमच्या गावी परत आली. भावावर तिचा फार जीव. ती गेली तेव्हा भाऊ आला नाही. ना दहाव्याला, ना बाराव्याला. सुट्टी मिळत नाही, एवढंच फोनवर म्हणाला. बाबा म्हणाले, "तुझा काम मोठा हाय, कर," आणि रिसीव्हर ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला की बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. पत्रं यायची ती न फोडता फळीवर ठेवायचे.

पण बाबा कारखान्यात फिटर होते. पत्र न फोडणारा हा माणूस यंत्र न उघडता राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्याचा पंखा करकरला तरी यांचे हात शिवशिवायचे. भाऊ त्यांचाच मुलगा, त्याला हे बरोबर माहीत होतं.

त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ सुट्टीवर ठाण्याला आले. भावाने त्यांच्याबरोबर पाठवलेला लॅपटॉप आणायला मी त्यांच्या खोपटच्या घरी गेले. ते म्हणाले, "तुमच्या भावाने बजावून सांगितलंय, पहिल्यांदा बाबांच्याच हातून चालू करा." मी म्हटलं, त्यात काय सांगायचं? आमच्याकडे रिक्षा असो, पाण्याचा पंप असो, नारळ फुटतो आणि घरातला मोठा माणूस बटण दाबतो. पोरगा अमेरिकेत जाऊन रीत विसरला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

आता मुहूर्ताला वस्तू स्वच्छ नको का? पूजेला न्यायची रिक्षासुद्धा आधी धुतात. मी लॅपटॉप थेट क्लासवर नेला, चपला बाहेर काढल्या, सीडी घातली आणि आत काय आहे हे न बघताच सुरू झाले. आत बघत बसायचं नाही हा आमचा नियम, बघितलं की माणूस मोहात पडतो. सगळी माहिती कायमची जाईल, चालेल का, असं मशीन विचारतं. मी हो म्हणणारं बटण दाबलं. ते वाचतं कोण? मग एक टक्का, दोन टक्के करत शंभर झाले. संध्याकाळपर्यंत सिस्टीम चढली. आवाज काही येईना, कारण आवाज चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आमच्या सीडीवर नव्हता. तो नंतर बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मुहूर्त झाला. आईने झाकणावर हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ फोडला, हात पुसले आणि बटण दाबलं. पडदा निळा, कोरा, एकही डाग नाही. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. काहीतरी होईल असं त्यांना वाटत असावं. मग म्हणाले, "बरा हाय," आणि ओट्यावर गेले.

रविवारी भावाचा फोन आला. बाबा सवयीने उठलेच होते. भाऊ मला म्हणाला, "बाबांनी ऐकलं का गं?"

"काय?"

"अगं, समोरच तर ठेवलं होतं. चालू केल्यावर तेवढंच दिसत होतं."

मी काय केलं ते त्याला सांगितलं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "राहू दे. मला परत नाही जमणार ते." मला तिथेच रडू फुटलं. स्वतःची एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती. रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून मी ओट्यावर गेले आणि बाबांना सांगितलं, की त्यात तो तुमच्याशी बोलला होता आणि मी ते पुसलं.

"काय बोललेला?"

"माहीत नाही. मी ऐकलंच नाही."

बाबा उठले, आत गेले, रिसीव्हर उचलला आणि दीड वर्षांनी मुलाला म्हणाले, "हिनं सगला पुसलान. काय बोललेलास ते आता बोल."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. बाबांचंच तेवढं येत होतं.

"नोकरी गेलेली? कवा?... आत्याच्या आधी?... आन् नोकरीबिगर इथं आलास तं परत जाता आला नसता?"

मग त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"चार महिने? मंग खात काय व्हतास रं?"

आई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी गावभर पोराच्या नोकरीचे पेढे वाटलेले. ती नोकरी गेली हे सांगायची पोराला लाज वाटली, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून बोलायला लागले. "दहाव्याला कावला शिवं ना. दोन तास. सगले घाटावर बसून. मंग मी पुढं गेलो, हात जोडलं, आन् आत्याला सांगलं, पोराला माफ कर, त्याची काय तरी अडचन असंल. तवा शिवला."

हे त्यांनी आम्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर होतो, आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"आत्यानं तुला तवाच माफ केलान," बाबा म्हणाले. "मीच राहिलेलो."