रूपीच्या गाडीले मी ताकद देल्ली

आता कोन्या तोंडानं सांगू, पर पोटात ठेवून ठेवून पोटच दुखाले लागलं, म्हनून आयका. चहा थंडा होऊ देऊ नोका.

माही नात रूपी. पोंभुर्ण्यात तिचं मोटारीचं गॅरेज हाय. पोट्टीनं एक जुनी लहान गाडी घेतली अन् चंद्रपूरच्या मैदानावरच्या शर्यतीसाठी तयार केली. पर मागच्या साली गाडी मधातच बंद पडली. तवा माह्या पोरानं, म्हंजे रूपीच्या बापानं, देवरावनं सांगून टाकलं, "यंदा तीन फेऱ्या पुऱ्या केल्या तं गॅरेज राहीन. मधात बंद पडली तं शटर पाडजो अन् गपचूप लग्नाले उभी राह्यजो."

तवापासून माहा जीव थाऱ्यावर नोयता. अन् ह्या रूपीले कायची घाई नाई. चार महिने ब्रेक, टायर अन् खालच्या स्प्रिंगा, एवढंच करत बसली.

मी चिडवो, "काऊन वं, गाडी हाय का गाभन म्हैस? आवाज तं कर म्हनावं तिले."

"आजी, नुस्ता जोर वाढवला तं गाडी पयते, पर वळत नाई अन् थांबत नाई. लय जोर देल्ला तं इंजिन तपून बसते. मागच्या साली तेच झालं. आता जोर तेवढाच, जेवढा तिसऱ्या फेरीपर्यंत टिकन."

मले पटलं का? नाई. माहा सासरा शंकरपटाचे, म्हंजे शर्यतीचे, बैल ठेवे. पटाच्या आंधी बैलाले पिठाच्या गोळ्यात थोडी मोहाची दारू चारे, अन् बैल असा सुटे का हाकनाऱ्या धुरकऱ्याचं धोतर मागं राहे. हे डोळ्यानं पाह्यलेली बाई मी. मले कोन शिकवनार जोर कसा वाढते ते?

शर्यतीच्या दिवशी मैदानावर गेलो, तं बाकीच्या गाड्या वाघावानी गुरगुरून राह्यल्या होत्या. आमची चुपचाप उभी. पोट्टीचं गॅरेज गेलं समजा, असंच वाटे.

रूपी नाव द्याले गेली, देवराव पानी आनाले. माह्या पिशवीत गुडघ्याले चोळाची बाटली होती, पयल्या धारेची मोहाची. पंपावरच्या पेट्रोलात आता दारूच मिसळून येते, हे रूपीच म्हने. मंग आपली घरची काऊन चालनार नाई, सांगा बरं?

टाकीचं झाकन उघडलं, कागदाचं नरसाळं केलं, अन् सारी बाटली आत. "जाय माय," म्हटलं, "पय आता."

रूपी आली अन् त्याच झाकनावरची धूळ पुसाले लागली.

"एवढं काय पुसतं वं?"

"आजी, टाकीत घोटभर पानी गेलं ना, तरी इंजिन झटके खाऊन बंद पडते."

मोहाच्या दारूत किती पानी असते, हे मले कोनी सांगावं लागते का? जलमभर भट्ट्या पाह्यल्या मी.

मी तिथीच खाली बसली. "रूपे, मले चक्कर येऊन राह्यली. शर्यत राहू दे बाई."

"चाल, बस गाडीत. ह्याच गाडीनं दवाखान्यात नेतो."

"उतरली. चक्कर उतरली," म्हटलं मी.

देवराव जवळ आला. "माय, तुह्या हाताले कायचा वास येऊन राह्यला?"

"गुडघ्याचा."

तेवढ्यात शिटी वाजली.

पयली फेरी रूपीनं अशी काढली का माहा श्वास परत आला. वळनावर जोरवाल्या गाड्या कडंचे खुनेचे डबे पाडत घसरल्या, आमची दोरी धरल्यावानी वळली. म्हटलं, पचली वाटते. दुसऱ्या फेरीत गाडीले उचकी लागली. फट्. मंग फट् फट्. मी पदर तोंडात धरला. तिसऱ्या फेरीत अर्ध्यावर गेली, दोन झटके खाल्ले अन् उभी राह्यली.

"झालं," देवराव म्हने. "पाड शटर."

रूपी खाली उतरली. रडली नाई. नुस्ती बोनटावर हात ठेवून उभी. ते पाहून माह्यानं राहवलं नाई.

"गाडीचा दोष नाई रे देवा. मी पाजली तिले."

रूपीनं पेट्रोलची नळी काढून हुंगली. पंच हुंगून गेला. मंग त्यानं अजून एकदा हुंगली.

देवरावनं माह्या हाताकडं पाह्यलं. मंग हळूच म्हने, "सारी बाटली?"

"सारी."

"अन् तरी अडीच फेऱ्या सरळ गेली? एकबी डबा नाई पाडला?" त्यानं रूपीकडं पाह्यलं. "एवढी मी पेलो असतो तं दारातच आडवा झालो असतो. राहू दे तुहं गॅरेज."

आता गॅरेज जोरात चालते बाप्पा. दूर एटापल्लीहून गाड्या येतेत. पर कोनाची गाडी झटके खात आली ना, तं रूपी बोनट उघडाच्या आंधी विचारते, "आमच्या आजीच्या अंगनात उभी होती का?"