पहिल्या पानाची मानकरीण

नाव: ग्लेनिस हार्टशॉर्न. वय: त्रेसष्ट. राहणार: स्टॉकपोर्ट. हुद्दा: 'कक्षा सात' या अंतराळमालिकेच्या चाहता मंडळाच्या पत्रिकेतील प्रतिक्रिया विभागाच्या मानद संपादिका. सेवाकाळ: एकोणीस वर्षे. सदर विभागाकडे आलेली प्रत्येक प्रतिक्रिया कोणताही भेदभाव न करता वाचली व छापली जाते.

मंडळाचा नियम कडक होता. शनिवारी संध्याकाळी भाग संपला की कुणाशी चकार शब्द न बोलता आपलं मत कार्डावर लिहायचं आणि ग्लेनिसच्या दारातल्या टपालाच्या फटीतून आत सारायचं. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडू नये, हा हेतू. रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात ग्लेनिसनं सगळी कार्डं मोठ्यानं वाचायची, सगळ्यांनी हात वर करायचे. जास्त हात ज्या कार्डाला, ते पहिल्या पानावर. लिंबाचा केकही ते कार्ड लिहिणाऱ्यानंच कापायचा. एकोणीस वर्षांत ती सुरी ग्लेनिसखेरीज फारशी दुसऱ्या हातात गेली नव्हती.

त्या शनिवारच्या भागात यानाची चालक इल्सा हिला कळलं, की आपण एका सोबत्याला तळावर मागे सोडून आलो होतो आणि यानावरच्या डॉक्टरनं ती आठवण आपल्या डोक्यात दाबून टाकली आहे. वर डॉक्टर म्हणाला, "तूच सांगितलं होतंस दाबायला." मंडळ खवळलं. आठ कार्डांनी डॉक्टरला शिव्या घातल्या, दोघांनी लेखकाला. ग्लेनिसनं स्वतः चार कार्डं दोन्ही बाजूंनी भरली आणि मालिकेच्या दुसऱ्या वर्षी डॉक्टरच्या बोटात अंगठी होती, ती आता नाही, हे पुराव्यानिशी मांडलं.

शेवटचं कार्ड मॅव्हिस टॅटरसॉलचं. ही बसचालक, मंडळात येऊन जेमतेम तीन महिने झालेली. तिनं लिहिलं होतं: "एकदा उशीर झाला म्हणून मी थांब्यावर हात करणाऱ्या बाईला सोडून पुढे गेले. आता तो थांबा आला की मी आरशात बघते. डॉक्टर कशाला लागतो? दुसरीकडे बघता आलं की झालं."

ग्लेनिसनं ते तीनदा वाचलं. अक्षर गिचमिड, अंगठीचा उल्लेखसुद्धा नाही. आणि तरी उद्या सगळे हात कुठे वर होणार, हे तिला स्वच्छ दिसलं. तिनं कार्ड स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खणात ठेवलं. तात्पुरतं.

रविवारी वाचन संपलं तसं अध्यक्ष नॉर्मन म्हणाला, "मॅव्हिस, तू नाही लिहिलंस काही?"

"टाकलं की. ग्लेनिसबाईंचा कुत्रा भुंकलासुद्धा."

"मला तर काही आठवत नाही," ग्लेनिस म्हणाली.

सभागृह हसलं. "बघा, डॉक्टर इथेही पोचला," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे हो, तीनचार ओळीच होत्या," मॅव्हिस म्हणाली. "तोंडी चालत नाही ना?"

"नियम म्हणजे नियम," नॉर्मन म्हणाला, आणि चहा ओतता ओतता त्यानं सहज विचारलं, "पण मला एक कळत नाही. एवढी मोठी गोष्ट माणूस विसरेल कसा?"

एकोणीस वर्षांची सवय. प्रश्न हवेत आला की उत्तर ग्लेनिसनंच द्यायचं.

"त्यात काय? डॉक्टर कशाला लागतो? दुसरीकडे बघता आलं की झालं."

नॉर्मननं किटली खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. "ग्लेनिस, हे कार्डात का नाही लिहिलंस? नियम गेला खड्ड्यात, पहिल्या पानावर हेच घाल." सगळे हात वर गेले. मॅव्हिसचाही गेला, जरा सावकाश.

ग्लेनिसनं केक कापला. मॅव्हिस बशी पुढे करून हळूच म्हणाली, "अगदी माझ्या मनातलं बोललात, बाई."

"लहान तुकडा देऊ की मोठा?" ग्लेनिसनं केककडे बघत विचारलं.

त्या आठवड्याच्या पत्रिकेत शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे छापलं होतं: आलेल्या प्रतिक्रिया अकरा, छापलेल्या अकरा. बारावी फडक्यांच्या खणातच आहे. फडकी आता ओट्यावर असतात.