पाठीने मोजलेला पाला

मोगऱ्यासाठी स्वतःची पाठ भाजून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. धुळ्याला कचेरीत कारकून, अंगणात मोगऱ्याचे वाफे. उन्हाळ्यात वाफ्यावर पाला अंथरला की माती तापत नाही, ओल टिकते, हे मलाही ठाऊक होतं. पण पाला किती लागतो, हे साडूभाऊ पाठीने मोजत. भर दुपारी केळीचा वाळलेला पाला पसरायचा, सदरा काढायचा आणि झाडांच्या मधोमध उताणं पडायचं. चटका बसला की उठून आणखी एक टोपली. डोळा लागला की पाला पुरला. एकदा नवा पोस्टमन त्यांना तसं बघून सायकल टाकून डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर आले, तर हे पाठीच्या काड्या झाडत म्हणाले, "आलाच आहात तर चहा घ्या. अजून एक टोपली टाकायचीच आहे."

मी मात्र जळगावला माझ्या मोगऱ्यासाठी शास्त्राने चाललो. वाफ्याची लांबी-रुंदी टेपने घेतली, जाडी चार बोटं धरली, गुणाकार केला आणि गव्हाचा भुसा मागवला. गणित चोख होतं. पहिल्याच वावटळीत सगळा भुसा शेजारच्या अक्कांच्या ओल्या कुरडयांवर जाऊन बसला. बायको म्हणाली, "दाजींच्या मोगऱ्याला गजरे येतात, तुमच्या मोगऱ्याला गणितं." तिच्या अंबाड्यात तेव्हा धुळ्याहून आलेलाच गजरा होता. त्या वासाने माझं जेवण गेलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्याच उन्हाळ्यात साडूभाऊंच्या सुमनला दोंडाईचाचं स्थळ आलं. मुलाचे वडील, आबा, चौकशीला माझ्याकडे आले. अशा वेळी नातेवाईक असलेले दोषही झाकतात. मी सुपारी कातरत, काळजीचा सूर लावून म्हणालो, "माणूस सोन्यासारखा. फक्त भर उन्हात उघडा वाफ्यात निजतो. डोक्याचं काही नसावं." आबा नुसतं पाणी पिऊन उठले. मला बरं वाटलं. मोगऱ्याचा राग आपण पोरीवर काढतोय, हे मनाला शिवलंही नाही.

आबा निघाले ते थेट धुळ्याला. साडूभाऊ वाफ्यातच होते. हे काय, असं आबांनी विचारलं. त्यांनी पडल्यापडल्या समजावलं. आबांनी टोपी काढून ठेवली आणि शेजारी आडवे झाले. उठले ते लग्न ठरवूनच. पुढे ज्याला त्याला सांगत, "मोगराकरता जो मानूस सोतानी पाठ शेकी लेस, त्यानी पोर माले पसंत शे."

भर मांडवात साडूभाऊंनी मला पुढे ओढलं. आबांना यांनीच धाडलं, हे लग्न यांच्यामुळे जुळलं, असं सगळ्यांना सांगून स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला. त्यांना खरं माहीत होतं की नाही, त्या चेहऱ्यावरून मला कधीच कळलं नाही. मी मान ताठ धरून फेटा बांधून घेतला.

आता साडूभाऊ नाहीत, सुमनची आईही नाही. तिला माहेर उरलं ते आमचं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते, आधी माझ्या पाया पडते, "काका, तुम्ही होता म्हणून" म्हणते, आणि मी आशीर्वाद देतो. या खेपेला ती निघण्याआधीच हे लिहिलेलं तिच्या घरी पोचेल. काल बायको पुरणाची डाळ निवडायला बसली. किती जणांची घेऊ, तिने विचारलं. मी सुमनला धरूनच घे म्हणालो.