हात न लावायची जमीन

"हात मागे!"

अक्कांनी असं म्हटलं की आमच्या कारखान्यातले पन्नाशीचे मॅनेजरसुद्धा शाळेतल्या पोरांसारखे पाठीमागे हात बांधायचे आणि एका रांगेत चालू लागायचे. रांगेत सगळ्यात पुढे मी. कारण सगळ्यात जास्त खाज माझ्याच हाताला होती.

अक्का जयनगरला राहायच्या. जन्मभर जंगलातल्या मातीचा अभ्यास करून निवृत्त झालेल्या. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बंगळुरातच मुरलेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायचं आणि त्यांना पत्ताही नसायचा. मी पडलो पुण्याचा, त्यात इंजिनिअर, त्यात नुकतंच प्रमोशन झालेलं. म्हणजे बोलायची सोयच नाही. बोम्मसंद्र्याला आमचा गिअर बनवायचा कारखाना. पर्यावरणाचं खातं कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मला मात्र वाटलं, माझी कर्तबगारी बघून दिलंय.

कंपनीचं सकलेशपूरच्या पलीकडे गेस्ट हाऊस होतं आणि त्याच्या मागे मोठी जमीन घेऊन ठेवली होती. कधीकाळी तिथे घनदाट जंगल होतं. कुणीतरी ते तोडून निलगिरी लावली, मग निलगिरीही तोडली, आणि उरली ती नुसती उघडी, टणक, लाल माती. तिथे पुन्हा जंगल उभं करायचं म्हणून आम्ही सल्ल्यासाठी अक्कांना बोलावलं. मी तयारी जय्यत केली होती. हजारो रोपं, सरळ ओळी, दोन रोपांमधलं अंतर अगदी गिअरच्या दात्यांइतकं काटेकोर. टी-शर्टचा रंगसुद्धा ठरला होता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेडा."

बेडा म्हणजे नको. हे त्यांचं आवडतं उत्तर.

"कुंपण घाला. गुरं नि वणवा आत येऊ देऊ नका. पलीकडे अजून जुनं जंगल आहे, बिया तिथून येतील."

"आणि आम्ही काय करायचं?"

"काही नाही. जमेल का, स्वल्प?"

रात्री जेवताना बायकोला सांगितलं, की पुढची काही वर्षं माझं काम म्हणजे काहीच न करणं. ती म्हणाली, "मग माणूस अगदी बरोबर निवडलाय हो त्यांनी."

पहिल्या वर्षी तिथे घाणेरीचं रान माजलं. मी अक्कांना लगबगीने फोन केला, की ते काढायला माणसं पाठवू का? "अय्यो, बेडा रे!" पुढे भराभर वाढणारी, मऊ लाकडाची कसलीतरी झाडं आली. मला ती झाडं वाटतच नव्हती, कारण ती आम्ही लावली नव्हती. अक्का म्हणायच्या, "ही येतात, सावली धरतात, पाला टाकतात. त्या पाल्यावर माती जगते. मग पक्षी बाकीच्या बिया आणतात. त्यांना टी-शर्ट लागत नाही."

एकदा त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं. पाचोळा अलगद बाजूला केला. खाली बुरशीचे पांढरे धागे मातीत पसरले होते, एक गांडूळ घाईघाईने आत चाललं होतं. "वास घे," म्हणाल्या. मी नाक खुपसलं. इंजिनिअर माणूस, वास ओळखायला जरा वेळच लागला.

"मातीचा वास येतोय," मी म्हणालो.

"आधी येत नव्हता," अक्का म्हणाल्या, आणि इतक्या खूश झाल्या की मला वाटलं मीच काहीतरी पराक्रम केला.

पण आमच्या एमडींना अहवालात छापायला वास चालत नव्हता. त्यांनी जेसीबी ठरवला. सगळं साफ करून ओळीत रोपं लावायची, तीही पावसाळ्याआधी. तुम्हाला खरं सांगतो, मला आतून जरा आनंदच झाला. तरी अक्कांना कळवलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बोम्मसंद्र्याला हजर. एमडींसमोर बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना विनवताना पाहिलं.

"आता कुठे ती माती धरायला लागलीये. उकरलीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मला पुन्हा पहिल्यापासून बघायला वेळ नाही हो."

वेळ नाही म्हणजे काय, हे त्यांच्या मांडीवरच्या फायलीतले दवाखान्याचे कागद दिसले तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. एमडींनी पाणी मागवलं. मग तोडगा अक्कांनीच काढला. गेस्ट हाऊसच्या दारापुढे बाग करून देते, तिथे हवे तितके फोटो काढा, मागची जमीन विसरा. आणि त्या बाईने, नाक मुरडत का होईना, आम्हाला स्वतः बोगनवेल लावून दिली. आमच्या अहवालात 'जंगल' म्हणून जे छापलंय ना, ती ही बोगनवेल.

परतताना गाडीत मी विचारलं, "अक्का, जंगल पहिल्यासारखं व्हायला किती दिवस लागतील?"

"माती लवकर सावरते. सावलीही तू बघशील. पण गेलेली सगळी झाडं परत यायची म्हणजे तुझ्या नातवंडांची नातवंडं."

"मग तुम्ही काय बघणार?"

"तुला वास आला ना? सरी, झालं तर मग. मला पुरे."

 

गेल्या वर्षी अक्का गेल्या. त्या जमिनीवर जायला कंपनीने बस ठरवली. एमडी आले, अक्कांचे थोरले भाऊ काठी टेकत आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी जयनगरहून बकुळीचं रोप आणलं होतं, बहिणीच्या नावाने त्या जमिनीत लावायला. फोटोग्राफर होताच. पहार माझ्या हातात दिली. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी माझा जीव आसुसला होता, तो असा आला.

मी खाली बसलो. पाचोळा सारला. माती काळपट, ओलसर, भुसभुशीत झाली होती. पहार उचलली, आणि हात तिथेच राहिला. मला वाटत होतं, आता कुणीतरी ओरडेल.

"काय झालं?" एमडी हिंदीत म्हणाले. "एकच तर झाड आहे."

"बकुळ तर जंगलचीच हो," अण्णा म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. त्या म्हाताऱ्याला नाही म्हणायचं अगदी जिवावर आलं. पण मी नको म्हणालो. काहीतरी शास्त्रीय कारण द्यावं म्हणून तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच,

"अण्णा, अक्का ओरडतील हो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग रोप छातीशी घेतलं.

"ओरडेल," ते म्हणाले. "ओरडेलच ती."

मी सारलेला पाचोळा परत पसरला आणि हात मागे बांधले. कुणीच ओरडलं नाही.