उज्ज्वलाची दुसरी कुपी

“तुला कॅन्सर वाटतोय? मला नाही वाटत,” उज्ज्वला हलक्या आवाजात, इंग्रजीत म्हणाली. टेबलावर माझी पेशंट झोपली होती, तिच्या पोटावर उज्ज्वलाचा प्रोब होता आणि समोर उज्ज्वलाचं नवंकोरं कलर डॉपलर मशीन. साताऱ्याच्या माझ्या क्लिनिकमध्ये नव्वदचं दशक संपत आलं तरी काळंपांढरं सोनोग्राफी मशीनच होतं. सांगलीत तिच्या हॉस्पिटलात पाऊल टाकल्यापासून माझ्या पोटात दुखत होतं, ते यामुळे.

कॉलेजात आम्ही एका बॅचच्या. मार्क मला जास्त पडायचे. पण नशीब काढलं हिनं. सासऱ्यांचं हॉस्पिटल, जर्मनीतली कॉन्फरन्स आणि येताना बॅगेत कॉन्ट्रास्टच्या दोन कुप्या.

पेशंट हलिमा, पाटणची, तिशीतली. नवरा बाबालाल गाद्या भरायचा. पित्ताचे खडे आहेत का बघायला ती माझ्याकडे आली होती. खडे नव्हते, पण लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ होती. मी रिपोर्टमध्ये कॅन्सरचा संशय लिहिला. सीटी स्कॅननंही उलगडा होईना, आणि गाठीत रक्त इतकं, की तपासणीचा तुकडा काढायला सुई घालायची कुणाची छाती होईना. शेवटी सर्जननं ऑपरेशनची तारीख दिली. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला खेटून होती. बाई टेबलावरच जाऊ शकते, असं त्यानं बाबालालला स्पष्ट सांगितलं. म्हणून मी मुकाट्यानं उज्ज्वलाला फोन लावला होता.

कॉन्ट्रास्ट म्हणजे साखरेची एक खास भुकटी. पाणी घालून हलवली की तिच्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात. ते शिरेतून सोडले की रक्ताचा प्रवाह पडद्यावर ठळक दिसतो. कॅन्सरच्या गाठीत रक्त बहुधा कडेकडून, वेडंवाकडं शिरतं. लिव्हरची एक दुर्मिळ गाठ मात्र निरुपद्रवी असते. आम्ही तिला एफएनएच म्हणतो. तिच्यात रक्त मधोमध उगवतं आणि चाकाच्या आऱ्यांसारखं बाहेर पसरतं. ती कापावी लागत नाही.

पहिली कुपी नर्सनं एका दमात ढकलली. सगळा पडदा रंगानं माखला आणि गाठ त्यात बुडून गेली. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं.

उज्ज्वलाला प्रोब सोडता येत नव्हता. तिनं दुसरी कुपी मला सिरिंजमध्ये भरून टोचायला सांगितली. माझा हात हलका आहे, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. सावकाश दे, म्हणाली. म्हणजे माझं निदान खोडायचं कामही माझ्याच हातून.

दाराशी बाबालाल उभा होता. त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तर म्हणाला, “जातो म्याडम. पर आपरेशन करायचं का न्हाई, तेवढं खरं सांगा. आमाला दुसरं कायबी कळत न्हाई.”

मी सुई लावली. जरा जोर केला असता तर पडदा पुन्हा माखला असता, आणि दोष कॉन्ट्रास्टवर गेला असता. उज्ज्वलाच्या कुप्या संपल्या असत्या, माझा रिपोर्ट कायम राहिला असता. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. हलिमानं विचारलं, “लय दुखंल का ओ?” मी नाही म्हणाले आणि मुंगीच्या पावलांनी औषध सोडू लागले.

थोड्याच वेळात गाठीच्या बरोबर मधोमध लाल ठिपका उमटला. त्यातून एकेक आरा बाहेर निघाला. असं चित्र मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

“एफएनएच,” मीच म्हणाले. निदान ते तरी उज्ज्वलाला आधी बोलू द्यायचं नव्हतं.

ऑपरेशन रद्द झालं. बाबालाल उज्ज्वलाच्या पाया पडला. मी शेजारी कापसाचा बोळा धरून उभी होते. रिपोर्टवर सही तिचीच होती.

पुढे दर सहा महिन्यांनी हलिमा तपासणीला माझ्याकडे यायची, कारण पाटणहून सातारा जवळ. गाठ तसूभरही वाढली नव्हती. मी तसं सांगितलं, की ती आदबीनं विचारायची, “आवं म्याडम, सांगलीच्या म्याडमस्नी एकदा दावायचं का?”

आमच्या कामात कधीकधी डॉक्टर चुकण्यातच पेशंटचं भलं असतं. हे मला मान्य आहे. ते उज्ज्वलानं दाखवून द्यायला नको होतं, एवढंच.