माहेरच्या नावाचे पार्सल

भाताची झोडणी आटोपली होती आणि गावभर पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास भरून राहिला होता. त्या दिवसांत मुरबाडहून पार्सले आणणारा माणूस आमच्या अंगणात मोटारसायकल उभी करून म्हणाला, "ताई, नाव तुमचंच ना? मग घ्या. धसईत या नावाची दुसरी मला तरी ठाऊक नाय."

लेबलावर खरोखर माझे नाव होते. नुसते नाव, खाली गाव आणि तालुका. आडनाव नव्हते, फोन नंबराच्या जागी फुल्या होत्या. मी पुस्तकांची वाट पाहत होते. पुस्तकांच्या मानाने खोके हलके आहे हे हाताला कळले होते, तरी विळी पुढे ओढून मी चिकटपट्टी कापली.

आतून नव्या चामड्याचा वास आला. तान्ह्या बाळाचे पांढरे बूट, दोन्ही एका धातूच्या दांडीला जोडलेले. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रे होती: आत वळलेले पाऊल, त्याला घातलेले प्लास्टर, सरळ झालेले पाऊल आणि मग हे बूट. खाली छापले होते की प्लास्टर काढताच बूट घालावेत, उशीर झाल्यास पाऊल पुन्हा वळू शकते.

मी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"मॅडम, आमच्याकडे पार्सल पोचलेलं दाखवतंय."

"पोचलंय, पण चुकीच्या घरी."

"नाव तुमचंच आहे ना?"

"नाव माझं आहे, बूट माझे नाहीत. आमच्या घरात तान्हं बाळ नाही."

कळफलकाची टकटक ऐकू आली. "मग तुम्ही ठेवून घ्या, मॅडम. परत पाठवायची गरज नाही. ग्राहकांनी तक्रार केली की त्यांना दुसरे पाठवू."

"तोवर त्या बाळानं काय करायचं?"

मी त्या घरचा नंबर मागितला. "तो देता येत नाही," ती हळू म्हणाली. "मी आताच लावून बघितला. रेंजबाहेर येतोय. मी लावत राहते, मॅडम." तिने नियम मोडला नाही. माझा नंबर कोणी असा मागितला असता तर तिने तो देऊ नये, असेच मला वाटले असते. फोन ठेवताच संदेश आला: आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?

खोके ओट्यावर होते, आणि कुठेतरी एक पाऊल मोकळे होते.

दुपारी मी तांदूळ दळायच्या निमित्ताने गिरणीत गेले. पट्ट्याची फटफट, गरम पिठाचा वास, केसांवर पांढरी धूळ बसलेल्या बायका. मी विचारले, "माझ्या नावाची दुसरी कोण आहे गं गावात? तिचं पार्सल माझ्याकडे आलंय."

"तुझ्यासारखी तूच एक गो! दुसरी झेपायची नाय आमाला," एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

त्यांच्या हसण्यातच मला माझी चूक दिसली. आमच्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा बोटाने नवे नाव लिहितो आणि तेव्हापासून गाव त्याच नावाने हाक मारते. माझ्या ताटात माझेच नाव लिहिले गेले, त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली. मी गावात पार्सलवरचे नाव शोधत होते. ते नाव कदाचित कुणाच्या तरी माहेरीच राहिले होते.

"तुमची माहेरची नावं काय?" मी विचारले.

आधी एकीने सांगितले, मग दुसरीने, आणि नावे भराभर बाहेर येऊ लागली, ट्रंकेच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या लुगड्यांसारखी. "तुजं असं नाव व्हतं? मग हे कोणी ठेवलं, भटानं का नवऱ्यानं?" शेजारणी शेजारणींना नव्याने भेटत होत्या.

कोपऱ्यातली म्हातारी मावशी मात्र विचार करत होती. "वरच्या पाड्यातली धाकटी सून. तिच्या लग्नात ताटात तांदूळ मीच पसरले. तुजंच नाव व्हतं तिचं." मग तिने आवाज खाली आणला. "बाळंत होऊन आलीय, पण पोर कोणाला दाखवीत नाय. पाय सदा गुंडाळलेले. काय आलंय गो तिला?"

"तिचं आहे, मावशी. तिलाच ठाऊक."

"साडी असंल," कुणी म्हणाले. मी पिठाचा डबा उचलला.

घरी डबा ठेवून मी खोके घेतले आणि पाड्यावर गेले; तिथे फोनची रेंज खरोखरच गेली. अंगणात सासू वालाच्या शेंगा सोलत होती. मी लेबलावरचे नाव घेतले.

"अशी कोणी नाय इथं," ती म्हणाली.

आत भांड्याचा आवाज थांबला. सून उंबऱ्यात आली, ओले हात पदराला पुसत. "मी आहे," ती म्हणाली. सासूने हातातली शेंग खाली ठेवली. "लग्नाच्या आधीपासून मोबाइलवर तेच नाव आहे, आई. बदलायचं राहिलं."

मी खोके तिच्या हातात दिले. "हे मी उघडलं. माझं समजून."

"बघितलंत?"

"हो."

"गावात कुणाला सांगितलंत?"

"नाही."

तिने खोके छातीशी धरले. प्लास्टर आदल्या दिवशी निघाले होते. पार्सल कुठे अडकले ते विचारायला ती सकाळीच टेकाडावर जाऊन फोनला रेंज शोधून आली होती.

बाळ आत गोधडीवर होते. त्याच्या पावलांची कातडी प्लास्टरखाली राहून फिकट झाली होती, सोललेल्या वालासारखी. सासू माझ्या मागून आत आली आणि म्हणाली, "दार लाव गो. कोणी बघंल."

सुनेने बुटाचे पट्टे सोडवले. बारीक भोके, त्याहून बारीक बक्कल. "राहू द्या उघडं, आई," ती म्हणाली. "टाच नीट बसली का ते दिसाया पायजे."

बाळ रडू लागले. सासू थोडा वेळ दाराशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी नातवाचा गुडघा धरला. "लवकर कर," ती म्हणाली. अंगणातले ऊन थेट गोधडीपर्यंत आले होते. टाच आत बसली.